रंगाची कड

अमूर्त चित्रासमोर उभा राहिलेला मराठी प्रेक्षक बहुधा दोनपैकी एक प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न : यात काय आहे? दुसरा, थोडा सरावलेला : यातून काय वाटतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर चित्राकडे नसतं आणि दुसऱ्याचं उत्तर चित्र नीट न बघताही देता येतं. शांत वाटतं, अस्वस्थ वाटतं, अनंताची चाहूल लागते. ही वाक्यं कुठल्याही निळ्या-करड्या कॅनव्हासखाली खपून जातात. या दोन्ही प्रश्नांच्या आधी विचारायला हवा असा तिसरा प्रश्न साधा आहे : हा रंग कुठे संपतो आणि कसा संपतो? मोठ्या अमूर्त तैलचित्राचं जवळपास सगळं काम या प्रश्नाच्या उत्तरात झालेलं असतं, असं माझं म्हणणं आहे. रंग म्हणजे चित्राचा ऐवज आणि कड म्हणजे त्याचं कुंपण, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली असते. ती वाटणी मोडल्याशिवाय अमूर्त चित्र दिसायलाच लागत नाही, कारण रंग आधी तयार होऊन मग कडेपर्यंत पोचत नसतो. तो कोणता आहे हे कडेशीच ठरतं.

या म्हणण्याचा पहिला भक्कम आधार एका कारखान्यातून आलेला आहे. पॅरिसमध्ये भिंतीवरचे चित्रमय पडदे विणणाऱ्या गोब्लाँ या सरकारी कारखान्यात शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या सुताबद्दल तक्रार आली. निळ्या-जांभळ्या सुताशेजारी विणलं की ते काळं राहत नाही, मळकट दिसतं. शेव्रलने सूत तपासलं; रंगाईत खोट नव्हती. काळ्याला मळवत होता तो शेजार. दोन रंग एकमेकांना भिडले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो, हा नियम त्याने मांडला आणि १८३९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. साडी निवडणाऱ्या कुणालाही हे ग्रंथाविना ठाऊक असतं : अंगाचा रंग तोच, पण हिरव्याऐवजी जांभळा काठ आला की अंगच निराळं दिसू लागतं. पुढच्या शतकात जोसेफ आल्बर्स यांनी या एका गोष्टीला आपलं आयुष्य दिलं. १९५० पासून १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी एकात एक बसवलेल्या चौकोनांची हजाराहून अधिक चित्रं केली. रंग बहुतेक वेळा ट्यूबमधून निघाला तसाच, न मिसळता, सुरीने लावलेला. आकार तेच, बदलायचा तो फक्त शेजार. विद्यार्थ्यांनाही ते एकच रंग दोन जमिनींवर असा ठेवायला सांगत की पाहणाऱ्याला ते दोन वेगळे रंग वाटावेत. ज्याला आपण ‘हा पिवळा’ म्हणून बोट दाखवतो तो पिवळा एकटा कधीच हाती लागत नाही, हे त्यांच्या १९६३ सालच्या पुस्तकाचं सार आहे.

डोळ्याच्या अभ्यासाने हे आणखी खोल नेलं. उजेड आणि अंधार जिथे भेटतात तिथे डोळा मुद्दाम फरक वाढवून सांगतो. उजळ बाजूला अधिक उजळ पट्टा आणि गडद बाजूला अधिक गडद पट्टा प्रत्यक्षात नसताना दिसतो, याचं वर्णन अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये केलं होतं. त्यामागची यंत्रणा हाल्डन हार्टलाइन यांना हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या डोळ्यात सापडली : उजेड पडलेली पेशी आपल्या शेजारणींना दाबते. सपाट भागात सगळ्याच पेशी एकमेकींना सारख्याच दाबतात, म्हणून तिथून मेंदूकडे फारसं काही जात नाही. कडेशी हा तोल बिघडतो आणि खबर जाते. १९६७ चं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं. १९६०च्या दशकातला एक प्रयोग तर चित्रकाराने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. एका रंगाच्या वलयात दुसऱ्या रंगाची चकती ठेवायची आणि डोळा कितीही हलला तरी दोहोंमधली कड दृष्टिपटलावर एकाच जागी राहील अशी व्यवस्था करायची. काही क्षणांत ती कड दिसेनाशी होते आणि तिच्याबरोबर चकतीही जाते. चकतीवरचा प्रकाश डोळ्यात येतच असतो, पण दिसतो तो वलयाचा रंग, मध्यभागी पसरलेला. म्हणजे मधल्या भागाचा रंग मेंदू कडेवरून भरून काढतो. कड गेली की भरायला काही उरत नाही.

विज्ञान इथपर्यंतच सोबत करतं. चांगली कड कोणती आणि वाईट कोणती, हे ते सांगत नाही. ते ठरवणं चित्रकाराचं काम. पण ‘रंगांचा मुक्त आविष्कार’ हा अमूर्त चित्राबद्दलचा लाडका शब्दप्रयोग मात्र यानंतर टिकत नाही. कॅनव्हासवर रंग ठेवणं म्हणजे कडा निर्माण करणं, आणि प्रत्येक कड हा एक घेतलेला निर्णय असतो. व्यक्तिचित्रात गालाची कड कुठे असावी हे निदान अंशतः समोरचा माणूस ठरवतो, निसर्गचित्रात डोंगर ठरवतो. अमूर्त चित्रात हे ठरवायला बाहेरचं कुणी नसतं. म्हणून तिथली कड अधिक मोकळी असते हे खरं, आणि म्हणूनच ती अधिक जोखमीची असते हेही तितकंच खरं.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. चित्रकार मातीसचं मत असं होतं की, चौरस मीटरभर निळा हा चौरस सेंटिमीटरभर निळ्यापेक्षा अधिक निळा असतो. तेव्हा रंगाचं बळ त्याच्या क्षेत्रफळात आहे, कडेत नव्हे. मोठ्या चित्रापुढे उभं राहिलं की हे पटतंही. पण मोठेपणा नेमकं काय करतो ते पाहावं. तो कडांमधलं अंतर वाढवतो. बार्नेट न्यूमन यांचं ‘व्हिर हिरोइकस सब्लिमिस’ (१९५०-५१) हे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं चित्र सुमारे २४२ सेंटिमीटर उंच आणि ५४१ सेंटिमीटर रुंद आहे : लाल रंगाचं मैदान आणि त्यात पाच उभ्या पट्ट्या. १९५१ च्या प्रदर्शनात न्यूमन यांनी भिंतीवर सूचना लावली होती की, मोठी चित्रं लांबून पाहण्याची आपली सवय असली तरी ही चित्रं जवळून पाहण्यासाठी आहेत. जवळ गेल्यावर चित्राच्या बाहेरच्या कडा नजरेआड होतात. चित्र एका दृष्टिक्षेपात मावत नाही. ते चालत पाहावं लागतं आणि त्या चालण्यात प्रत्येक पट्टी गाठावी लागते. पट्ट्याही सारख्या नाहीत, काही लालमधून उडी मारून पुढे येतात तर काही त्यात जवळपास बुडतात. दोन पट्ट्यांमधला लाल एकच असला तरी तो एकच राहत नाही, कारण आपण नुकत्याच कोणत्या कडेवरून आलो ते डोळ्यात शिल्लक असतं. क्षेत्रफळ वाढतं तशी कड दुर्मीळ होते, आणि दुर्मीळ झाल्यामुळे तिच्यावरचा भार वाढतो. मातीसचं निरीक्षण अचूक आहे. ते कडेचं महत्त्व कमी न करता वाढवतं.

न्यूमन यांना कडेची किंमत कशी कळली तेही पाहण्याजोगं आहे. १९४८ च्या जानेवारीत त्यांनी तपकिरी-लाल जमिनीच्या मधोमध चिकटपट्टी लावली आणि रंग पारखण्यासाठी तिच्यावरच हलका कॅडमियम लाल फासला. पट्टी काढून तिथे काही वेगळं करायचा बेत होता. तो बेत त्यांनी सोडला आणि सात-आठ महिने त्या छोट्या चित्राकडे पाहत, आपण काय केलं याचा विचार करत राहिले. ‘वनमेंट १’ या नावाने ते चित्र ओळखलं जातं. त्या पट्टीच्या दोन्ही कडा खडबडीत आहेत, सुरीने लावलेला रंग बाजूला ओसंडलेला आहे. त्या खडबडीतपणामुळे पट्टी जमिनीला कापत नाही, तिच्यात उभी राहते.

सपाट दिसणाऱ्या रंगात किती कडा लपलेल्या असतात हे न्यूमन यांच्याच दुसऱ्या एका चित्राच्या दुर्दैवाने दाखवून दिलं. १९६७-६८ चं त्यांचं लाल, पिवळा, निळा यांच्यावरचं प्रचंड चित्र १९८६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात एका माणसाने चाकूने फाडलं. दुरुस्ती होऊन ते १९९१ मध्ये परतलं तेव्हा मोठा वाद उसळला. लाल भागावर रोलरने वेगळ्या प्रकारचा रंग चढवल्याचं तपासणीत आढळलं. लाल तोच होता, भोकंही दिसत नव्हती, पण पाहणाऱ्यांना त्यातला प्राण गेलेला जाणवला. मूळ पृष्ठभाग पातळ लेपांवर लेप देऊन घडवलेला होता. त्या लेपांच्या अतिसूक्ष्म सीमांमधून लाल धडधडत होता. त्या पुसल्या गेल्यावर उरलं ते रंगवलेलं कापड.

तेलरंगाचं खास सामर्थ्य इथेच आहे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेत ते हळूहळू घट्ट होतं. वरून कोरडा वाटणारा लेपही आतून वाळायला महिने घेतो. या संथपणामुळे चित्रकाराला कडेच्या बाबतीत एक दुर्मीळ सवलत मिळते : वेळ. रंग ओला असताना शेजारचा रंग त्यात ओढता येतो, अर्धवट वाळल्यावर घासून उचलता येतो, वाळल्यावर त्यावर पारदर्शक लेप चढवता येतो. अ‍ॅक्रिलिक लवकर वाळतं आणि चिकटपट्टीची धार चोख धरतं. तेलात कड कित्येक दिवस वाटाघाटीत राहू शकते.

मार्क रॉथ्को यांनी ती वाटाघाट कळसाला नेली. टर्पेंटाइनने अतिशय पातळ केलेले, कधी अंडं आणि राळ मिसळलेले त्यांचे लेप एकावर एक येतात. आयत जिथे संपतो तिथे ब्रश घासून कड पिंजलेली असते, खालचा रंग वरच्याच्या धाग्यांमधून बाहेर डोकावतो. चौकट न लावता कॅनव्हासच्या वळवलेल्या बाजूही ते रंगवत. त्यांच्या आयतांना मध्यभागापासून नव्हे तर कडेपासून पाहायला सुरुवात करावी. मग ते आयत श्वास घेतात असं का वाटतं ते कळतं. कड नक्की कुठे आहे हे डोळ्याला ठरवता येत नाही, तो मागे-पुढे होत राहतो आणि त्या हालचालीचं श्रेय आपण रंगाला देतो. हार्वर्ड विद्यापीठासाठी त्यांनी केलेली पाच मोठी चित्रं १९६४ मध्ये भरपूर उन्हाच्या भोजनकक्षात लागली. त्यातलं लिथॉल रेड हे रंगद्रव्य उजेडाने उडालं आणि १९७९ मध्ये चित्रं उतरवावी लागली. २०१४ मध्ये हार्वर्डने त्यांवर संगणकाने मोजूनमापून रंगीत प्रकाश पाडला आणि मूळ रूप तात्पुरतं परत आणलं. जमिनीचा किरमिजी उडाला तेव्हा केवळ एक रंग हरवला नव्हता. जमीन आणि आकार यांच्यातलं अंतर बदललं होतं, आणि त्या अंतरावरच ती चित्रं उभी होती.

आता वासुदेव गायतोंडे. त्यांना ‘भारतीय रॉथ्को’ म्हणण्याची जी सवय पडली आहे, ती या दृष्टीने तपासली पाहिजे. नागपूरला १९२४ मध्ये जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ मध्ये बाहेर पडलेल्या गायतोंडे यांना आधी भारतीय लघुचित्रांनी आणि मग पॉल क्ले यांनी खेचलं. लघुचित्रात रंगाचा सपाट तुकडा असतो आणि त्याला ठाम रेघ असते. गायतोंडे यांनी पुढे सांगितलं होतं की, त्यांनी त्या चित्रांतल्या आकृती बाजूला काढल्या आणि नुसती रंगांची मांडणी पाहिली. आकृती काढल्यावर रंग उरतात, आणि रंगांबरोबर त्यांच्या एकमेकांना लागलेल्या कडा उरतात. तिथून त्यांचा पुढचा प्रवास म्हणजे कड कुठे ठेवायची याचा शोध आहे, असं मी मानतो.

१९६०च्या सुमाराला त्यांनी ब्रश बराचसा बाजूला ठेवला. रोलर आणि पॅलेट नाइफ हाती घेतले. जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांच्या निधीतून मिळालेल्या पाठ्यवृत्तीवर ते १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि तिथे रॉथ्को यांची भेट झाली, पण त्यांच्या चित्राने वळण त्याआधीच घेतलं होतं. पुढे त्यांनी एक खास पद्धत घडवली. कागदाचे कापलेले-फाटलेले तुकडे ओल्या रंगानिशी कॅनव्हासवर ठेवायचे, दाबायचे, उचलायचे. कुठे रंग उतरतो तर कुठे निघून येतो. त्यावर रोलरने पातळ लेप, मग पुन्हा सुरीने खरवड. सत्तरच्या दशकातली त्यांची उभी चित्रं, अनेकदा माणसाच्या उंचीच्या जवळपास जाणारी, अशी बनली आहेत. दुरून पाहिलं तर एकच रंग : हिरवा, गेरू किंवा राखाडी. त्यात काही गडद आकार आडव्या ओळीत तरंगतात. आपण जवळ जातो आणि त्या आकारांची कड पकडायला बघतो. ती एका बाजूने कागदाच्या फाटीसारखी स्पष्ट असते आणि दुसऱ्या बाजूने नाहीशी होते. कुठे ती वरच्या लेपात असते, कुठे तीन थर खाली.

रॉथ्को यांच्याशी असलेला फरक इथे आहे. रॉथ्को यांची कड दोन रंगांच्या मधे असते, शेजारी-शेजारी. गायतोंडे यांनी कड आडवी न ठेवता खोलीत नेली. एका लेपाची दुसऱ्या लेपाशी, उतरवलेल्या रंगाची चढवलेल्या रंगाशी, वाळलेल्याची ओल्याशी लागलेली कड. म्हणून त्यांच्या चित्रात पार्श्वभूमी आणि आकार असं सांगता येत नाही. प्रत्येक आकार कुणाची तरी पार्श्वभूमी असतो. म्हणूनच त्यांचा एक हिरवा एक राहत नाही. वरवर पाहणाऱ्याला कडा विरघळल्या असं वाटतं. खरं तर त्यांची संख्या अफाट वाढलेली असते आणि प्रत्येकीचा आवाज कमी केलेला असतो.

गायतोंडे यांच्याबद्दल आपल्याकडे होणाऱ्या बोलण्याशी माझा वाद याच जागी आहे. मौन, शून्य, ध्यान, झेन, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज : हे शब्द त्यांच्या चित्रांभोवती इतके दाटले आहेत की चित्र दिसेनासं झालं आहे. त्यांना या गोष्टींची मनापासून ओढ होती, ते एकांतात राहत, वर्षाला मोजकीच चित्रं करत, हे सगळं खरं आहे. पण चित्रकाराच्या मौनातून चित्राचं मौन आपोआप येत नाही. ध्यान करणारी हजारो माणसं आहेत. त्यांच्या हातून असा हिरवा उमटलेला नाही. तो उमटला रोलरच्या दाबातून, कागद उचलण्याच्या नेमक्या क्षणातून, सुरी कुठे थांबवायची या निवाड्यातून. चित्राला ‘अनंत’ म्हणणं हे स्तुतीसारखं ऐकू येतं, पण त्यात त्या माणसाच्या कष्टांचा अपमान आहे. ज्याला अंत नाही त्याला कड नसते, आणि कड नसेल तर डोळ्याला रंगच दिसत नाही. गायतोंडे यांची शांतता ही असंख्य सीमांच्या काटेकोर जुळणीतून मिळवलेली आहे. ती तशी पाहिली तर तिच्याबद्दलचा आदर वाढतो.

उलट बाजूने कुणी इव्ह क्लाइन यांचं नाव घेईल. १९५७ मध्ये मिलानमध्ये त्यांनी निव्वळ निळ्या रंगाच्या, सारख्या आकाराच्या फळ्या मांडल्या. तेलाऐवजी कृत्रिम राळेत बांधलेलं रंगद्रव्य, आत एकही रेघ नाही, एकही दुसरा रंग नाही. कड संपवता येते याचा हा पुरावा नव्हे का? पण क्लाइन यांनी त्या फळ्या भिंतीला टेकवल्या नव्हत्या. त्या भिंतीपासून सुमारे वीस सेंटिमीटर पुढे, दांड्यांवर उभ्या होत्या. आतल्या कडा काढून टाकल्यावर बाहेरची एकच कड सगळा भार उचलते, आणि या तजविजीमुळे ती भिंतीत हरवत नाही. कड टाळायला निघालेल्या चित्रकारालाही शेवटी कडेचीच आखणी करावी लागली.

हे मान्य केलं तर काही गोष्टी बदलाव्या लागतील. सर्वांत आधी, अमूर्त चित्राच्या छायाचित्रावर विसंबणं. मोबाइलच्या पडद्यावर दीड मीटरचं चित्र दहा सेंटिमीटरचं होतं. त्यात रंगाचा ढोबळ सूर पोचतो, कड पोचत नाही. तीन थर खालची गायतोंडे यांची कड तर चांगल्या छपाईतही सपाट होते. अशा छायाचित्रांवरून झालेलं मत हे चित्राबद्दलचं मत नसतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात गायतोंडे यांची चित्रं आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातही आहेत. ती पाहायला मिळतील तेव्हा आधी लांबून, मग अगदी जवळून आणि मग बाजूने, तिरप्या उजेडात पाहावीत. आणि प्रदर्शन मांडणाऱ्यांनी चकाकणारी काच आणि डोळे दिपवणारे झोत टाळावेत, कारण त्यांनी सर्वांत आधी मरते ती मवाळ कड.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या भारतातल्या पहिल्या लिलावात गायतोंडे यांचं १९७९ चं चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं. तेव्हापासून आपल्या वर्तमानपत्रांत त्यांच्यावर विपुल लिहून आलं. त्यातला मोठा भाग किमतीबद्दल आणि उरलेला बहुतेक अध्यात्माबद्दल होता. मधे चित्र होतं, त्याला थोडीच जागा मिळाली. मराठीत चित्राबद्दल चित्रकाराच्या नजरेने लिहिण्याची परंपरा आहे. प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ आणि प्रभाकर कोलते यांचं लेखन आपल्यापुढे आहे. त्या वाटेने पुढे जायचं तर चित्रात काय दिसतं ते सांगण्याचे कष्ट समीक्षकाने घ्यायला हवेत : कोणता रंग कोणाला भिडला आहे, कड सुरीची आहे की कागदाची, ती वर आहे की खाली, आणि तिच्यामुळे शेजारचा रंग कोणत्या बाजूला झुकला आहे. असं वर्णन रुक्ष वाटेल ही भीती खोटी आहे. संगीतावर लिहिणारा स्वर, श्रुती, लय यांची नावं घेतो म्हणून गाण्याचा आनंद आटत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अमूर्त चित्र ‘समजत नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाला आपण दोनच वाटा दाखवत आलो : त्याने तत्त्वज्ञान वाचावं किंवा मन मोकळं ठेवून काहीतरी वाटून घ्यावं. पहिली वाट त्याला कमी लेखते आणि दुसरी त्याला एकटं सोडते. कडेपासून सुरुवात केली तर तो माणूस पहिल्याच मिनिटाला चित्राचा जाणकार साक्षीदार होतो, कारण कड कुठे ठाम आहे आणि कुठे विरली आहे हे त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाबरोबर त्यावर वादही घालता येतो. ‘मला शांत वाटलं’ या वाक्यावर वाद होऊ शकत नाही; ‘हा हिरवा त्या गेरूमुळे थंड झाला आहे’ या वाक्यावर होऊ शकतो, दोघांना पुन्हा चित्राकडे वळून ते तपासताही येतं. कला सार्वजनिक होते ती अशा तपासता येणाऱ्या वाक्यांमुळे. चित्रकाराने रंग कुठे थांबवायचा याचा निर्णय जबाबदारीने घेतलेला असेल, तर तो निर्णय वाचण्याची जबाबदारी प्रेक्षकाची आहे, आणि त्यासाठी लागणारी साधनं जन्मापासून प्रत्येकाच्या डोळ्यांत आहेत.